बोंडअळी कुठवर जाईल: सरासरीचं गणित की चौकटींचं?

एका वावरातल्या पऱ्हाटीवरची (कपाशीवरची) गुलाबी बोंडअळी गावभर पसरेल का, हे ताडायला दोन वाटा आहेत.

पहिली सरासरीची. प्रत्येक वावराला चार शेजारी धरायचे आणि शेजाऱ्यांचे शेजारी नेहमी नवेच, असं मानायचं. गणित कागदावर सुटतं: एक तृतीयांशाहून जास्त वावरांत पऱ्हाटी असली की एकमेकांना लागून असलेल्या पऱ्हाटीच्या वावरांची साखळी लांबवर जाऊ शकते. झटपट उत्तर, पण चौकटींच्या शिवाराला साफ चुकीचं.

दुसरी पर्कोलेशनची, म्हणजे जोडलेल्या चौकटींतून एखादी गोष्ट आरपार झिरपते का हे बघणारं गणित, ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली या संशोधकांनी १९५७ साली मांडलेलं. धुऱ्यावर उभं राहून बघा: उत्तरेच्या आणि पूर्वेच्या शेजाऱ्याचा एक शेजारी सामाईकच निघतो. वाटा फिरून तिथेच येतात, म्हणून साखळी जुळायला पऱ्हाटी जास्त लागते. पेरा कसाही विखुरलेला धरला तर उंबरठा ५९.३ टक्के वावरांच्या आसपास. ५५ वर अळी तुकड्यातुकड्यांत अडकते, ६५ वर शिवार आरपार ओलांडते. मधल्या चार-दोन टक्क्यांत कुणी तूर पेरली, तर सगळं चित्र पालटतं. मात्र हा आकडा कागदावर सुटत नाही, संगणकावर पट मांडूनच काढावा लागतो.

यवतमाळकडच्या शिवारासाठी मी दुसरीच वाट धरेन, पण आकडा जसाच्या तसा नाही. पतंग उडतो, धुरा मानत नाही. शिवाय फरदड (हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं कपाशीचं पीक) ठेवली की अळी पुढच्या हंगामातही उडी मारते. आणि गंमत म्हणजे पतंग जितका लांब उडेल, तितके शेजारी वाढतात आणि सरासरीचं गणित पुन्हा खरं ठरू लागतं.