लेड एप्रन: लेबलवरच्या आकड्याआधी वजनकाटा

एक्स-रे रूम, ऑर्थोची ओटी (हाडांचं ऑपरेशन थिएटर) आणि कॅथलॅब (अँजिओग्राफीची खोली) यांच्यासाठी बाजारात मुख्यतः चार प्रकारचे लेड एप्रन, म्हणजे अंगावर घालायचे किरण अडवणारे एप्रन, मिळतात. पहिला फक्त पुढून झाकणारा, ०.२५ मिमी शिशाचा, दुसरा तसाच पण ०.५ मिमीचा, तिसरा जॅकेट आणि स्कर्ट असा टू-पीस, आणि चौथा शिसं नसलेला, ‘लाइटवेट’ म्हणून विकला जाणारा. हे परीक्षण प्रकारांचं आहे, कंपन्यांचं नाही. एकाच कंपनीचे दोन एप्रन शेजारी टांगले तरी शिवणीत आणि मापात फरक सापडतो, त्यामुळे कंपनीच्या नावावर डोळे मिटून खरेदी करण्यात अर्थ नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. साध्या एक्स-रे सेंटरला पुढून झाकणारा ०.२५ मिमीचा पुरतो. सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना चित्र दाखवणारं एक्स-रे यंत्र) रोज तासन् तास उभं राहणाऱ्याने नीट मापाचा टू-पीस घ्यावा. पुढून झाकणारा ०.५ मिमीचा एकसंध एप्रन हा बहुतेकांनी सवयीने घेतलेला, खांदे मोडणारा प्रकार आहे. शिसं नसलेला एप्रन चाचणीचा कागद हातात आल्याशिवाय घेऊ नये.

आता कारणं. एप्रन मुख्य झोतासाठी नसतो. पेशंटच्या अंगावर आपटून चहूकडे विखुरणारे किरण, म्हणजे स्कॅटर, अडवणं एवढंच त्याचं काम. पेशंटच्या त्वचेवर जेवढा डोस पडतो, त्याच्या साधारण हजारावा भाग बाजूला एक मीटरवर पोहोचतो. या स्कॅटरपैकी ०.२५ मिमी शिसं साधारण नव्वद टक्के अडवतं, ०.५ मिमी पंच्याण्णवच्या वर जातं. केव्ही (एक्स-रे ट्यूबचा विद्युतदाब, किलोव्होल्टमध्ये) वाढवला की दोन्ही आकडे खाली येतात. म्हणजे वजन दुप्पट करून मिळतात ते वरचे पाच-सात टक्के. दिवसभर फ्लुरोस्कोपी (एक्स-रेचं चालतं चित्र) करणाऱ्याला ते हवेतच. दिवसाकाठी दोन-चार पोर्टेबल एक्स-रे काढणाऱ्याला त्यापेक्षा दोन पावलं मागे सरकणं स्वस्त पडतं, कारण एक मीटरवरून दोन मीटरवर गेलं की स्कॅटर चौथाई होतो. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) अपेक्षाही किमान ०.२५ मिमीचीच आहे. साध्या एक्स-रे रूममध्ये टेक्निशियनने १.५ मिमी शिशाच्या आडोशामागे उभं राहायचं असतं. तिथे एप्रन लागतो तो लहान मुलाला धरणाऱ्या आई-बापांसाठी आणि वॉर्डात पोर्टेबल नेताना.

लेबलवरचा आकडा खरा आहे का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही, निदान पहिल्या चाळणीला तरी. शिशाची घनता दर घन सेंमीला ११.३४ ग्रॅम. म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर शिशाचं वजन ५.६७ किलो. एप्रनमध्ये सलग पत्रा नसतो. शिशाची भुकटी व्हिनाइलमध्ये किंवा रबरात मिसळून शीट काढतात आणि अशी दोन-तीन शीट एकावर एक ठेवून शिवतात. तरी तेवढेच किरण अडवायचे तर शिसं तेवढंच लागतं. १०० सेंमी लांब आणि ६० सेंमी रुंद एप्रनचं क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर, म्हणजे नुसतं शिसंच ३.४ किलो. त्यात व्हिनाइल, वरचं कापड, पट्टे आणि बकल धरले की ०.५ मिमीचा प्रामाणिक एप्रन ४ ते ५ किलोच्या घरात जातो. त्याच मापाचा ३ किलोत बसत असेल, तर तो शुद्ध शिशाचा ०.५ मिमी असूच शकत नाही. ०.२५ मिमीसाठी हाच हिशेब १.७ किलो शिशाचा. खांद्याकडे एप्रन निमुळता असतो, म्हणून क्षेत्रफळ मोजताना शिवणीच्या आतलं खरं शीट मोजा, बाहेरची कापडी पट्टी धरू नका. विक्रेत्यासमोर वजनकाटा काढला की दराच्या गप्पा बऱ्याच लवकर संपतात.

शिसं नसलेल्या एप्रनला ही युक्ती चालत नाही, आणि नेमकी तिथेच गफलत होते. त्यात कथिल, अँटिमनी, बेरियम, टंगस्टन, बिस्मथ यांची मिश्रणं असतात. कथिल आणि अँटिमनी ३० केईव्हीच्या (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं एकक) थोडं वर किरण छान शोषतात, ७०-८० केव्हीच्या स्कॅटरसाठी ती निवड चुकीची नाही. पण शोषल्यावर हे धातू स्वतःचे मंद एक्स-किरण सोडतात आणि त्यातले काही एप्रनच्या आतल्या बाजूने अंगाकडे येतात. चाचणी करताना किरण मोजणारा डिटेक्टर एप्रनपासून लांब ठेवून अरुंद झोत वापरला, तर हे किरण डिटेक्टरपर्यंत पोहोचतच नाहीत आणि एप्रन आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. आयईसी ६१३३१-१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४च्या आवृत्तीत म्हणूनच डिटेक्टर एप्रनला जवळजवळ चिकटवून मोजायची पद्धत आणली. विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: चाचणी त्या पद्धतीने झाली का, आणि शिसेतुल्य जाडी (तेवढेच किरण अडवणाऱ्या शिशाची जाडी) किती केव्हीपासून किती केव्हीपर्यंत दिली आहे. नुसतं ‘०.५ मिमी, १०० केव्हीला’ एवढंच छापलं असेल, तर ७० आणि १२० केव्हीला तो काय करतो हे त्या कागदावरून कळत नाही. थरांचा क्रमही महत्त्वाचा आहे. कथिलाचा थर बाहेर आणि बिस्मथसारखा जड थर अंगाकडे हवा. असा दोन थरांचा एप्रन उलटा घातला तर संरक्षण घटतं, म्हणून दोन्ही बाजूंना एकाच रंगाचं कापड असलेला घेऊ नका.

टू-पीसचा फायदा कमरेला आहे. स्कर्टचं वजन पट्ट्यामार्फत नितंबांवर जातं आणि खांद्यावर जॅकेटपुरतंच राहतं. पाठ झाकली जाते ती वेगळीच. ओटीत ट्रॉलीकडे वळताना फक्त पुढून झाकणारा एप्रन घातलेल्याची उघडी पाठ ट्यूबकडे होते, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मात्र बहुतेक टू-पीस ०.२५ मिमीचे असतात आणि पुढे दोन पल्ले एकमेकांवर आले तरच तिथे ०.५ मिमी होतं. माप मोठं झालं तर स्कर्ट घसरतो. लहान झालं तर पल्ले अर्धेच एकमेकांवर येतात, आणि लेबल ०.५ म्हणत असताना पोटाच्या एका बाजूला प्रत्यक्षात ०.२५च उरतं. घालून, पट्टा बांधून, आरशात पल्ला कुठवर येतो ते बघूनच घ्या. एकाच मापाचे पाच नग मागवून सगळ्या स्टाफला वापरायला देणारी हॉस्पिटलं यात पैसेही घालवतात आणि संरक्षणही.

बगलेची मोकळीक हा टू-पीसचा दुसरा कच्चा दुवा. हात वर करून काम करताना तिथून स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागावर स्कॅटर येतो. कॅथलॅबमधल्या महिला डॉक्टर आणि नर्सनी बगल झाकणारी बाही किंवा जोडपट्टी असलेलं जॅकेट मागावं. ते ऑर्डर देऊन करून घ्यावं लागतं, तयार मालात सहसा नसतं. थायरॉइड कॉलर एप्रनच्या गळ्यावर किमान एक-दोन सेंमी चढली पाहिजे. कॉलर आणि गळा यांच्यामध्ये फट असेल, तर कॉलर शोभेची. लेडचा चष्मा ०.७५ मिमीचा मिळतो, पण कॅथलॅबमध्ये डोकं मॉनिटरकडे वळलेलं असताना स्कॅटर बाजूने आणि खालून येतो. त्यामुळे बाजूच्या काचा नसलेल्या चष्म्याचा उपयोग निम्माशिम्मा. डोळ्याच्या भिंगासाठी आयसीआरपीने, म्हणजे किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, २०११मध्ये वर्षाच्या डोसची मर्यादा १५० मिलिसिव्हर्टवरून २०वर आणण्याची शिफारस केली ती उगीच नाही. लेड ग्लोव्हजबद्दल एकच: ते घालून हात झोतात घालू नका. सी-आर्मचं ऑटोमॅटिक सर्किट मध्ये शिसं दिसताच डोस वाढवतं, आणि हाताबरोबर पेशंटलाही जास्त मिळतो.

ऑर्थोच्या ओटीत मात्र एप्रनवर हजारो रुपये खर्च होतात आणि किरण सोडणारी ट्यूब वर, चित्र टिपणारा डिटेक्टर खाली ठेवून काम चालतं. स्कॅटर सर्वांत जास्त असतो तो किरण पेशंटमध्ये शिरतात त्या बाजूला. ट्यूब टेबलाखाली ठेवा, म्हणजे तो पायांकडे जातो. लॅटरल व्ह्यू (बाजूने चित्र) घेताना ट्यूबकडे नाही, डिटेक्टरच्या बाजूला उभं राहा. याला खर्च शून्य.

एप्रन कुठे चालत नाही हेही खरेदीआधी माहीत हवं. रेडिओथेरपी (कॅन्सरवरच्या किरणोपचाराच्या) विभागासाठी एप्रन मागवण्यात काही अर्थ नाही. कोबाल्ट-६०च्या १.१७ आणि १.३३ एमईव्हीच्या (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) गॅमा किरणांची तीव्रता निम्मी करायलाच सुमारे १२ मिमी शिसं लागतं, अर्धा मिलिमीटर तिथे तीनेक टक्के अडवेल. लिनॅक या उपचाराच्या यंत्राचे किरण त्याहून कडक असू शकतात. तिथे संरक्षण भिंतीचं, दरवाजाच्या इंटरलॉकचं (दार उघडलं की यंत्र बंद) आणि वेळेचं. पेट-सीटीमधल्या (किरणोत्सारी औषध टोचून काढलेला स्कॅन) ५११ केईव्हीलाही एप्रन दहा टक्केसुद्धा थोपवत नाही, उलट जड एप्रनमुळे हालचाल मंदावून पेशंटजवळचा वेळ वाढतो. टेक्नेशियम-९९एम या तपासणीसाठी टोचायच्या किरणोत्सारी द्रव्याच्या १४० केईव्हीला ०.५ मिमी बऱ्यापैकी काम देतो, पण तिथेही सिरिंज शील्ड (सिरिंजवरचं कवच) आधी, एप्रन नंतर.

पेशंटच्या पोटावर एप्रन टाकायची जुनी पद्धत आता मागे पडते आहे. अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने, एएपीएमने, २०१९मध्ये जननेंद्रियांवरचं आणि गर्भावरचं नेहमीचं आच्छादन बंद करायला सांगितलं. अमेरिकन डेंटल असोसिएशननेही २०२४मध्ये दातांच्या एक्स-रेसाठी पेशंटला एप्रन आणि कॉलर नको अशी शिफारस केली. शरीराच्या आत विखुरणारे किरण वरून टाकलेल्या आच्छादनाने अडत नाहीत. आच्छादन सरकलं की हवा तोच भाग झाकला जातो आणि फिल्म पुन्हा काढावी लागते. त्यापेक्षा झोताची रुंदी ठरवणारा कोलिमेटर नीट आवळा. पेशंट घाबरून मागत असेल आणि एप्रन तपासणीच्या भागात येणार नसेल तर द्या, वाद घालू नका. मुलाला धरणाऱ्या नातेवाइकाला मात्र एप्रन हवाच, आणि ती व्यक्ती गरोदर नसावी.

एप्रन टिकतो की नाही हे घेतल्यावरच्या वागणुकीवर ठरतं. खुर्चीच्या पाठीवर दुमडून टाकलेला, कारच्या डिकीत उन्हात राहिलेला, खिळ्यावर पट्ट्याने लटकवलेला एप्रन आतून तडकतो आणि बाहेरून नवा दिसतो. स्कर्ट घालून वारंवार बसलं की मांडीच्या घडीवर तडा जातो. रुंद खांद्याचा हँगर एप्रनबरोबरच मागून घ्या, वेगळा घ्यायचं नंतर कुणाला आठवत नाही. पुसायला थंड पाणी आणि सौम्य साबण, मऊ ब्रश. ब्लीच, ऑटोक्लेव्ह, वॉशिंग मशीन काही चालत नाही. पावसाळ्यात मुंबई-कोकणात घामाचा ओला एप्रन कपाटात कोंबला की वास आणि बुरशी ठरलेलीच, पंख्याखाली वाळवूनच आत ठेवा. आणि अंगावरचा डोस मोजणारा टीएलडी बॅज एप्रनलाच अडकवून ठेवू नका. तो छातीवर, एप्रनच्या आत लावायचा आणि काम संपलं की किरणांपासून लांब ठेवायचा. एप्रनसकट एक्स-रे रूममध्ये टांगलेला बॅज भिंतीचा डोस मोजतो, आणि तिमाही रिपोर्ट आल्यावर धावपळ होते.

नवा एप्रन येताच आणि नंतर वर्षातून एकदा त्याची आतली तपासणी करा. नव्यातही शिवणीपाशी शीट खाली सरकलेलं सापडतं. फ्लुरोस्कोपी असेल तर एप्रन टेबलावर पसरा, ऑटोमॅटिक बंद करून हाताने ८० केव्हीच्या आसपास सेट करा आणि सरकवत पाहा. फ्लुरो नसेल तर डिजिटल एक्स-रेवर (डीआर किंवा सीआर) १४ बाय १७ इंचाच्या पाच-सहा फिल्ममध्ये सगळा एप्रन बसतो. सीटीच्या स्काउटवर (स्कॅनआधीचं सपाट चित्र) एका दमात होतो. भोक दिसलं की त्याचं क्षेत्रफळ मोजा. प्रचलित निकष असा: महत्त्वाच्या अवयवांवर १५ चौरस मिमीहून मोठं, म्हणजे व्यास सुमारे ४.४ मिमी, असेल तर एप्रन बाद. थायरॉइड कॉलरला ११ चौरस मिमी. शिवणीलगत, पाठीवर किंवा दोन पल्ले येतात तिथे ६७० चौरस मिमीपर्यंत चालतं. प्रत्येक एप्रनला नंबर द्या, भोकाची जागा आणि तारीख वहीत लिहा, पुढच्या वर्षी ते वाढलं का ते कळतं. चिकटपट्टी लावून भोक बुजत नाही, ते फक्त दिसेनासं होतं.

वॉरंटी विचारताना कापडाची आणि आतल्या शीटची वेगवेगळी विचारा. बऱ्याचदा लेखी असते ती शिवण आणि बकलची. बाद झालेला शिशाचा एप्रन भंगारवाल्याला देऊ नका. फाटलेल्या कव्हरमधून शिशाची धूळ बाहेर येते, आणि भंगारात तो जाळून शिसं वेगळं काढायचा प्रयत्न होतो. जुना परत घेऊन अधिकृत रिसायकलरकडे पोहोचवण्याची अट नव्या एप्रनच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आणि परत घेतल्याची पावती त्याच वहीत चिकटवा.