आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम) पोर्ट करायचंय, तर बोर्ड कोणता घ्यावा?

पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास बोर्ड विचारला, की समोर ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको नाहीतर ब्लू पिल येते. सेन्सर जोडून प्रोजेक्ट करायला यातलं काहीही चालेल. पण आरटीओएसचं कर्नल, म्हणजे टास्क चालवणारा गाभा, स्वतः पोर्ट करायचं, म्हणजे नव्या चिपवर चालतं करायचं असेल, तर मेगाहर्ट्‌झ आणि किंमत थोडी बाजूला ठेवा. कोड अडकल्यावर चिपच्या आत काय चाललंय ते किती दिसतं, हे आधी बघा. पोर्टिंगचे बहुतेक दिवस अडकण्यातच जातात.

म्हणून पहिल्या पोर्टसाठी मी न्यूक्लिओ एफ४४६आरई सुचवेन. कॉर्टेक्स-एम४, १८० मेगाहर्ट्‌झ, ५१२ केबी फ्लॅश, १२८ केबी रॅम. एसटी-लिंक डीबगर (चिप थांबवून आत बघायचं साधन) बोर्डावरच असतो आणि त्याच यूएसबी केबलमधून सिरियलही मिळतं. इंटरप्ट आला की हार्डवेअर आठ रजिस्टर स्वतः स्टॅकवर ठेवतं, आर४ ते आर११ आपण पेंडएसव्हीमध्ये (टास्क बदलण्यासाठी वापरायचा इंटरप्ट) जपायचे. एफपीयू (दशांश गणिताचं युनिट) वापरणाऱ्या टास्कसाठी एस१६ ते एस३१ सुद्धा. हार्डफॉल्ट (चिपने पकडलेली गंभीर चूक) झाला तर सीएफएसआर हे रजिस्टर कारण सांगतं, आणि चूक मेमरीच्या ज्या पत्त्यावर झाली तो पकडता आला असेल तर तो बीएफएआरमध्ये मिळतो.

हे किती मोलाचं आहे ते मला कोथरूडच्या खोलीत दोन रात्री घालवल्यावर कळलं. क्रिटिकल सेक्शनसाठी (जिथे मध्येच इंटरप्ट नको असा कोड) मी बेसप्राय या, ठराविक प्रायॉरिटीचे इंटरप्ट रोखणाऱ्या रजिस्टरमध्ये ५ लिहीत होतो. एसटीएम३२ मध्ये (न्यूक्लिओवरच्या चिपचं कुटुंब) प्रायॉरिटीचे वरचे चारच बिट खरे असतात, त्यामुळे तिथे प्रत्यक्षात ० जात होता, आणि ० म्हणजे मास्किंग बंद! रेडी लिस्ट (चालायला तयार टास्कची यादी) अधूनमधून बिघडायची. शेवटी ब्रेकपॉइंट लावून रजिस्टर वाचलं तेव्हा चूक दिसली. लिहायला हवं होतं ८०, म्हणजे ५ चार बिट डावीकडे सरकवून.

एफ४०७ डिस्कव्हरीवर १ एमबी फ्लॅश आणि १९२ केबी रॅम आहे. मोठा बोर्ड म्हणून मोह होतो. पण त्यातली ६४ केबी सीसीएम रॅम डीएमएला (प्रोसेसरशिवाय डेटा हलवणारं हार्डवेअर) दिसत नाही. टास्कचा स्टॅक तिथे ठेवला आणि त्यातलाच बफर डीएमएला दिला, तर डेटा येतच नाही. जुन्या डिस्कव्हरीला सिरियलसाठी वेगळा कन्व्हर्टरही लागतो.

पिको स्वस्त आहे आणि त्याची कागदपत्रं फार चांगली आहेत. आरपी२०४० मध्ये दोन कॉर्टेक्स-एम०+ कोर आणि २६४ केबी रॅम. पण एम०+ मध्ये बेसप्राय नाही, लॉकसाठी उपयोगी एलडीआरईएक्स-एसटीआरईएक्स या सूचना नाहीत आणि फॉल्टचं कारण सांगणारी ती रजिस्टरंही नाहीत. सगळं हार्डफॉल्टमध्येच जाऊन पडतं. दोन कोरमध्ये लॉक हवा तर हार्डवेअर स्पिनलॉक वापरायचे. दोन कोरचा शेड्युलर लिहायचा असेल तर हाच घ्या, पण दुसऱ्या पोर्टला.

ईएसपी३२ या कामाला घेऊ नका. त्याच्या एक्सटेन्सा कोरमध्ये रजिस्टर विंडो (फंक्शनगणिक सरकणारे रजिस्टरचे गट) असतात, टास्क बदलताना त्या स्टॅकवर रिकाम्या कराव्या लागतात. वाय-फायचा कोड सोर्सशिवाय, नुसता बायनरी मिळतो आणि तो फ्रीआरटीओएस या तयार आरटीओएससारख्या सोयी गृहीत धरतो. रिस्क-व्ही शिकायचं असेल तर ईएसपी३२-सी३ बरा, त्यात डीबगिंगसाठीचं यूएसबी-जेटॅग चिपमध्येच आहे. फक्त रिस्क-व्हीमध्ये आपोआप स्टॅकिंग नाही, सगळी रजिस्टरं हाताने जपावी लागतात.

ब्लू पिलची रॅम २० केबी. लहान कर्नलला पुरते, पण मूळ चिपच्या नावाखाली नकली चिप सर्रास येतात. चूक आपल्या कोडची की चिपची, हा संशय पोर्टिंगमध्ये नको.

घरात पिको आधीच पडून असेल आणि फार खर्च करायचा नसेल, तर दुसरा पिको आणा. त्यात त्याला डीबगर बनवणारं डीबगप्रोब फर्मवेअर टाका आणि एसडब्ल्यूक्लॉक, एसडब्ल्यूडीआयओ, ग्राउंड या तीन वायरी जोडा. कर्नलची पहिली ओळ लिहिण्याआधी मेन फंक्शनवर लावलेल्या ब्रेकपॉइंटला कोड थांबतोय ना, एवढं पाहून घ्या.