घरी ऑइल बदलायचंय: रॅम्प की जॅक स्टँड?

फक्त ऑइल आणि फिल्टर बदलायचा असेल, तर माझं मत रॅम्पला, म्हणजे गाडीची चाकं ज्यावर चढवायची त्या उताराच्या जोडीला. गाडी स्वतःच्या चाकांवरच उभी राहते आणि जॅक सरकायची भीती नसते. मात्र चढवताना बाहेर कुणीतरी बघणारं हवं, आणि बंपर जमिनीच्या जवळ असेल तर तो रॅम्पला आधी घासतो. ब्रेक किंवा चाकाचं काम असेल, तर रॅम्प निरुपयोगी.

तिथे जॅक स्टँडच, म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचे पक्के आधार. ट्रॉली जॅकने (चाकांवर सरकणाऱ्या हायड्रॉलिक जॅकने) गाडी उचलायची, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या मजबूत जागेखाली स्टँड लावायचे, वजन त्यांच्यावर उतरवायचं आणि हाताने हलवून बघायचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. हायड्रॉलिक सील कधी दगा देईल सांगता येत नाही. विटा तर नकोच, त्या अचानक फुटतात.

दोन्हींना जमीन सपाट, टणक हवी. पुढची बाजू उचलली की मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. मागची उचलली तर जास्त जपा: बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो आणि ती हवेत गेली की त्याचा उपयोग उरत नाही. तेव्हा पुढच्या चाकांना ठोकळे हवेतच.