चार फुटी चेनलिंक जाळी आणि आमचा बोकड
महूच्या वाटेवर आमची सव्वा एकर जमीन आहे. तिथले मेथीचे वाफे सहा शेळ्यांपासून वाचवण्यासाठी गेल्या दिवाळीनंतर इंदूरच्या सियागंजमधून चार फूट उंचीची चेनलिंक, म्हणजे तारा एकमेकींत गुंफून विणलेली, जाळी आणली. जाळी मजबूत आहे, पावसाळ्यातही गंजली नाही. परंतु 'शेळ्यांना चार फूट पुष्कळ' हे दुकानदाराचे ठाम म्हणणे आमच्या काळ्या बोकडाने पहिल्याच आठवड्यात खोटे ठरवले. मागच्या पायांवर उभा राहून, पुढचे खूर जाळीच्या घरांत अडकवून तो पलीकडच्या शेवग्याचा पाला ओरबाडतो आणि त्याच्या भाराने जाळीला मधोमध पोट येते. शेवटी वरून काटेरी तारेचे दोन पदर ताणावे लागले. त्यात माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे जाळीसाठी दीड फूट खोल रोवलेले लोखंडी अँगलचे खांब कलले. कुंपणालगत माजलेली घाणेरीची (लँटाना) झुडपे मात्र मुळासकट काढली, कारण त्यांचा पाला शेळ्यांच्या यकृताला घातक असतो. जाळी घ्यायचीच तर पाच फुटी घ्यावी आणि कोपऱ्यांना तिरपे टेकू लावण्याची मजुरी आधीच ठरवावी.