ओडीई, इकॉनॉमिक्स क्लब की फेड चॅलेंज? अमेरिकेत इकॉनॉमिक्स शिकणाऱ्यांसाठी

अमेरिकेत इकॉनॉमिक्स मेजर घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात हा प्रश्न येतोच. एकीकडे ऑनर सोसायटीचं (चांगले मार्क असणाऱ्यांना मेंबर करून घेणाऱ्या संस्थेचं) आमंत्रण, दुसरीकडे क्लबवाले बोलावतायत, आणि प्रत्येकजण सांगतो की रेझ्युमेवर छान दिसेल. माझं मत आधीच सांगते. ऑनर सोसायटी तुम्ही मिळवलेल्या मार्कांवर शिक्का मारते, क्लबमध्ये तुम्हाला प्रत्यक्ष काम करावं लागतं, त्यामुळे वेळ द्यायचा तर क्लबला द्या आणि सोसायटीत बसत असाल तर फॉर्म भरून मोकळे व्हा.

आधी ओडीई, म्हणजे ओमिक्रॉन डेल्टा एप्सिलॉन. इकॉनॉमिक्सची ही मुख्य ऑनर सोसायटी, १९१५ ची ओमिक्रॉन डेल्टा गॅमा आणि १९५६ ची ओमिक्रॉन काय (Chi) एप्सिलॉन या दोन संस्था १९६३ मध्ये एकत्र येऊन झाली. बॅचलर्सच्या मुलांसाठी ढोबळ अट अशी की इकॉनॉमिक्सचे निदान १२ सेमिस्टर क्रेडिट झालेले हवेत आणि इकॉनॉमिक्समध्ये आणि एकूण दोन्हीकडे ३.० जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) हवा, पण तुमच्या कॉलेजातला चॅप्टर, म्हणजे शाखा, स्वतःची अट याहून कडक ठेवू शकतो म्हणून आपल्या डिपार्टमेंटला विचारायचंच. फी एकदाच, मेंबरशिप आयुष्यभराची.

मग मिळतं काय? खरं सांगायचं तर जीपीए ट्रान्स्क्रिप्टवर (मार्कांच्या अधिकृत उताऱ्यावर) दिसतोच, सोसायटीचं नाव त्यात फारशी नवी माहिती घालत नाही. एक ठोस फायदा मात्र आहे ज्याबद्दल कोणी धड बोलत नाही. अमेरिकन सरकारी नोकरीत ताज्या पदवीधराला साधारण जीएस-५ पातळीवर (जीएस ही सरकारी पगारश्रेणी, आकडा मोठा तितकी श्रेणी वरची) घेतात, पण असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीजमध्ये असलेल्या सोसायटीची मेंबरशिप दाखवली तर बऱ्याच पदांसाठी जीएस-७ ला पात्र ठरता येतं, आणि ओडीई त्या असोसिएशनमध्ये आहे. आता हेही बघा की एकूण ३.० किंवा मेजरमध्ये ३.५ जीपीए असेल तरी तीच पात्रता मिळते, आणि अशा बहुतेक नोकऱ्या अमेरिकन नागरिकांसाठीच असतात. म्हणजे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या आपल्या मुलामुलींना याचा उपयोग जवळपास नाहीच. हे फॉर्म भरायच्या आधी कळायला हवं, नंतर नाही.

दुसऱ्या सोसायट्यांचं थोडक्यात. फाय बीटा कॅपा १७७६ पासूनची, नाव सगळ्यात मोठं, पण तिथे अर्ज करता येत नाही, बोलावणं यावं लागतं आणि ते नुसत्या इकॉनॉमिक्सवर येत नाही, आर्ट्स-सायन्सचे विषय भरपूर घेतलेले असावे लागतात. बीटा गॅमा सिग्मा बिझनेस स्कूलवाल्यांची, तुमचं इकॉनॉमिक्स डिपार्टमेंट बिझनेस स्कूलच्या आत असेल तरच विचार करा. आणि कुठलंसं भारदस्त नाव असलेल्या सोसायटीचा ईमेल आला, फी भरा म्हणाले, आणि कॅम्पसवर त्यांचा एकही प्रोफेसर दिसत नसेल तर सरळ डिलीट करा. वर म्हटलेल्या असोसिएशनच्या यादीत नाव आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतात.

आता क्लब. साधा इकॉनॉमिक्स क्लब म्हणजे स्पीकर बोलावणं, करिअर पॅनल, ज्युनियर मुलांना मायक्रो शिकवणं, कुठे चांगला चालतो कुठे नुसता पिझ्झा खाऊन संपतो. बऱ्याच ठिकाणी ओडीईचा चॅप्टर आणि क्लब एकच मंडळी चालवतात, तसं असेल तर प्रश्नच मिटला.

पण मी ज्याच्या मागे लागा म्हणेन ती कॉलेज फेड चॅलेंज. फेडरल रिझर्व्हची, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची (फेडची) ही स्पर्धा बॅचलर्सच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, ३ ते ५ जण प्रेझेंटेशन देतात, १५ मिनिटं तुम्ही बोलायचं आणि नंतर १५ मिनिटं परीक्षक प्रश्न विचारणार. व्याजदर वाढवावा, कमी करावा की तसाच ठेवावा हे एफओएमसीच्या, म्हणजे फेडच्या व्याजदर ठरवणाऱ्या समितीच्या जागी बसून सांगायचं. यात काय होतं तर तुम्हाला बेरोजगारी, वेतनवाढ, महागाईचे आकडे सेंट लुईस फेडच्या फ्रेड डेटाबेसमधून स्वतः काढावे लागतात, २% महागाईचं टार्गेट आणि रोजगार यांची ओढाताण नुसती पाठ करून भागत नाही, कारण परीक्षक विचारतात की हाच आकडा का घेतला, महागाई मोजायला कोअर पीसीई (अन्न आणि इंधन वगळून काढलेला निर्देशांक) का, सीपीआय (ग्राहक किंमत निर्देशांक) का नाही, आणि तिथे घोकंपट्टी उघडी पडते. मॅक्रो वर्गात समजतं, पण असं अंगात मुरतं ते इथेच. शिवाय एक प्रोफेसर महिनोन्‌महिने तुमच्यासोबत काम करतो, त्यामुळे शिफारसपत्रात तो तुमच्याबद्दल काहीतरी खास लिहू शकतो. वर्गातल्या शंभर जणांपैकी एक असलेल्या मुलाबद्दल तो काय लिहिणार?

तोटाही आहे, ही स्पर्धा फॉल सेमिस्टर (ऑगस्ट-डिसेंबरचं सत्र) अक्षरशः खाऊन टाकते. मिडटर्म आणि तयारी एकाच वेळी येतात, म्हणून त्या सेमिस्टरला रिअल अ‍ॅनालिसिससारखा गणिताचा जड कोर्स असेल तर विचार करा. पुढे पीएचडी करायची असेल तर तो कोर्स आणि रिसर्च असिस्टंटचं काम कुठल्याही क्लबपेक्षा, कुठल्याही सोसायटीपेक्षा जास्त मोलाचं, यात मला शंका नाही. सेंट्रल बँक, थिंक टँक, कन्सल्टिंग असं डोक्यात असेल तर फेड चॅलेंज आधी. फायनान्समध्येच जायचं असेल तर इन्व्हेस्टमेंट क्लब बघा, त्यातल्या त्यात खरा पैसा सांभाळणारा.

तुमच्या कॉलेजात फेड चॅलेंजची टीम नसेल तर मॅक्रो किंवा मनी अँड बँकिंग शिकवणाऱ्या प्रोफेसरांना आधीच्या स्प्रिंग सेमिस्टरमध्येच (जानेवारी-मे) भेटा, सल्लागार व्हाल का विचारा आणि तयारी असलेल्या चार जणांची नावं सोबत घेऊन जा. सप्टेंबरमध्ये विचारलंत तर उशीर झालेला असतो.