इरकल छान, अटी मात्र दुकानाच्या सोयीच्या
पोत उत्तम, पदर लालभडक, पांढऱ्या पट्ट्यांचा, हवा तसाच. दोन स्टार त्या विणकराला. पण फोटोत डाळिंबी दिसणारं अंग प्रत्यक्षात चक्क विटकरी! तक्रार केली तर साइटच्या तळाची बारीक ओळ दाखवली: ‘रंगात थोडाफार फरक संभवतो.’ वर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नाही, म्हणून रिटर्न नाही. अहो, हा थोडाफार? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निवारण करायचं. इथे अधिकाऱ्याचं नावच नाही, नुसता व्हॉट्सॲप नंबर. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवते म्हटल्यावर पिकअपवाला दुसऱ्याच दिवशी दारात. पैसे आले, कुरिअरचे कापून.