रेल्वेत नोकरी केलेल्यांच्या कॅन्सर क्लेमसाठी वकील फर्म: आमच्या घरचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

फर्मचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण केस सेटल करताना गोपनीयतेच्या अटीवर सह्या झाल्यात, रेल्वे कंपनीचं नाव आणि रक्कम पण सांगता येत नाही. पण सर्व्हिस कशी होती हे नक्की सांगता येईल, आणि अमेरिकेत रेल्वेत आयुष्य काढलेले आपले लोक थोडेच असल्यामुळे यावर मराठीत कोणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे सासरे, अप्पा, लोकोमोटिव्ह शॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. म्हणजे डिझेल इंजिनं दुरुस्तीला येतात ती जागा. रिटायर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता तब्येत बरी आहे. आधी आम्हाला वाटलं की इतर नोकऱ्यांसारखं वर्कर्स कॉम्प, म्हणजे कामामुळे झालेल्या इजेची किंवा आजाराची, चूक कोणाची हे न बघता मिळणारी भरपाई, मिळेल, फॉर्म भरायचा आणि झालं. तसं नाहीये! रेल्वेवाल्यांना वर्कर्स कॉम्प लागूच होत नाही, त्यांच्यासाठी १९०८ चा वेगळा कायदा आहे, फेडरल एम्प्लॉयर्स लायबिलिटी अ‍ॅक्ट, सगळे त्याला फेला म्हणतात. यात कंपनीचा निष्काळजीपणा आपल्याला सिद्ध करावा लागतो, नुसतं आजारी पडून भागत नाही. पण सिद्ध झाला तर वर्कर्स कॉम्पमध्ये जे मिळत नाही ते पण मागता येतं, म्हणजे वेदना, त्रास याची भरपाई, आणि केस ज्युरीपुढे जाऊ शकते.

सुरुवातीला आम्ही टीव्हीवर जाहिरात करणाऱ्या एका ठिकाणी फोन केला होता. तिकडच्या माणसाने कॅन्सर कुठला, वय काय, सिगरेट ओढता का एवढंच विचारलं आणि लगेच ईमेलवर सहीसाठी करार पाठवून दिला. अप्पा नेमकं काय काम करायचे हा प्रश्नच नाही. नंतर नवऱ्याने करार नीट वाचला तर त्यात केस दुसऱ्या फर्मकडे पाठवायची मुभा त्यांनी ठेवली होती. सही केली नाही. मग अप्पांनी त्यांच्या जुन्या युनियनच्या लोकल चेअरमनना फोन लावला. बऱ्याच रेल्वे युनियन फेलाच्या केसेस करणाऱ्या वकिलांची मान्य केलेली यादी ठेवतात, त्यातून ही फर्म मिळाली.

पहिल्याच फोनवर त्यांच्या पॅरालीगल (वकिलांच्या मदतनीस) बाईंनी जे विचारलं त्यावरूनच मी चार स्टार देतेय. त्यांचा पहिला प्रश्न होता, डॉक्टरांनी कामाचा आणि आजाराचा संबंध पहिल्यांदा कधी बोलून दाखवला? कारण फेलामध्ये मुदत तीन वर्षांची, आणि ती मोजायची कधीपासून तर आजार आहे आणि तो कामामुळे असू शकतो हे माणसाला कळलं किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून. आमच्या केसमध्ये फुफ्फुसाच्या डॉक्टरांनी अप्पांना नोकरीबद्दल विचारून फाईलमध्ये डिझेलच्या धुराचा उल्लेख केला होता, आमच्या कोणाच्या लक्षातही नव्हतं, पण कोर्टात हीच नोंद घड्याळ सुरू झाल्याचा पुरावा म्हणून समोरचे दाखवू शकले असते. त्या बाईंनी मेडिकल रेकॉर्ड मागवून ती तारीख आधी शोधली आणि मगच पुढचं काम हातात घेतलं.

नंतर वकीलसाहेब स्वतः घरी आले आणि अप्पांशी फक्त कामाबद्दल बोलत बसले. शॉपचे दरवाजे थंडीत बंद असायचे का, इंजिन आत चालू ठेवून लोड टेस्ट, म्हणजे ताण देऊन चाचणी, व्हायची का, छतावरचे पंखे चालायचे का, बंद असल्याची तक्रार कोणी लेखी केली होती का, इंजिनातली इलेक्ट्रिकल कॅबिनेट साफ करताना कॉम्प्रेस्ड एअरने धूळ उडवायचे का, मास्क कधी दिला, कुठला दिला, जुन्या पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉसचं आवरण कोण काढायचं. अप्पांना सगळं आठवत होतं. इतकी वर्षं घरात आम्ही कोणी त्यांना हे विचारलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यांनी विज्ञानाची बाजू पण न फुगवता सांगितली हे मला फार आवडलं. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने, आयएआरसीने, २०१२ मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे पक्कं, त्याआधी १९८८ पासून ते ‘बहुधा’ वाल्या गटात होतं. अ‍ॅस्बेस्टॉस, सिलिका म्हणजे रुळांखालच्या खडीची बारीक धूळ, आणि बेंझीन हे पण पहिल्याच गटात. स्लीपरना लावतात ते क्रिओसोट अजून ‘बहुधा’ मध्येच आहे. अमेरिकन रेल्वे कामगारांचा एक मोठा अभ्यास आहे, २००४ ला छापून आलेला, ५४,९७३ लोकांचा, त्यात ट्रेन चालवण्याशी संबंधित कामं करणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरने मृत्यू ४० टक्के जास्त दिसले. पण वकिलांनी लगेच सांगितलं की हा आकडा ट्रेनवरच्या लोकांचा आहे, शॉपमधल्यांचा म्हणून तो तसाच वापरता येणार नाही, शिवाय त्यात कामाची वर्षं वाढली तसा धोका वाढताना दिसला नाही, आणि कंपनीचे वकील हेच पहिलं काढणार. म्हणून अप्पांच्या शॉपचा वेगळा पुरावा लागेल, एक्स्पर्ट डॉक्टर लागतील, आणि एक्स्पर्टचं म्हणणं कोर्टाने घेतलं नाही तर केस तिथेच संपते. हे तोंडावर सांगणारा वकील मला जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांपेक्षा कधीही चालेल.

सिगरेटचं पण विचारलं आम्ही, कारण अप्पा तरुणपणी ओढायचे. उत्तर असं की त्याने केस आपोआप बाद होत नाही. फेलामध्ये कंपनीच्या चुकीचा आजारात थोडासा जरी वाटा असला तरी ती जबाबदार, हे सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये म्हटलं आणि २०११ मध्ये परत पक्कं केलं. पण कामगाराची स्वतःची चूक ज्युरीला वाटली तर तेवढे टक्के रक्कम कमी होते.

मध्ये रेल्वेच्या क्लेम एजंटचा, म्हणजे कंपनीच्या बाजूने क्लेम हाताळणाऱ्या माणसाचा, घरी फोन आला, अगदी गोड बोलत होता, फक्त थोडी माहिती रेकॉर्ड करू म्हणाला. फर्मने आधीच बजावून ठेवलं होतं की काही बोलायचं नाही, आमचा नंबर द्या. ज्यांनी अजून वकील केला नाहीये त्यांनी हे कृपा करून लक्षात ठेवा.

आता एक स्टार का कापला ते. मधल्या काळात महिनोन्‌महिने काहीच कळायचं नाही, आपणच फोन करायचा, मग कळायचं की समोरच्यांकडून कागद यायचेत. आजारी माणसाच्या घरी ही शांतता फार जड जाते, महिन्याला दोन ओळींचा ईमेल टाकायला काय हरकत होती? दुसरं म्हणजे फी. एक तृतीयांश, जे या कामात नेहमीचंच आहे, जिंकलो तरच. पण एक्स्पर्ट, कोर्ट, रेकॉर्ड यांचा खर्च फीच्या आधी वजा होणार की नंतर हे करारात इतकं आडून लिहिलं होतं की नवऱ्याने दोनदा विचारून लेखी घेतलं. फरक छोटा नसतो. समजा ३,००,००० डॉलर मिळाले आणि खर्च ४५,०००, तर खर्च आधी काढून मग फी लावली की हातात १,७०,००० येतात, आणि आधी फी काढून मग खर्च घेतला तर १,५५,०००. सही करण्याआधी हा प्रश्न विचाराच.

पैसे आल्यावर पण सगळे आपले नसतात. रेलरोड रिटायरमेंट बोर्डाने (रेल्वेवाल्यांचं पेन्शन बघणारी सरकारी संस्था) सिकनेस बेनिफिट, म्हणजे आजारपणातले पैसे, दिले असतील तर ते सेटलमेंटमधून परत घेतात, मेडिकेअरने (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) त्या आजारावर केलेला खर्च पण परत मागतात, आणि बुडालेल्या पगारापोटी म्हणून जो भाग असतो त्यावर रेल्वेचा रिटायरमेंट टॅक्स लागतो, २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर यावर वादच उरला नाही. हा हिशोब मात्र फर्मने फार चोख केला, चेक देण्याआधी कुणाचं किती हे एका कागदावर मांडून अप्पांना समजावलं, घाई केली नाही.

फर्मकडे जाण्याआधी घरी काय करून ठेवाल ते सांगते. रिटायरमेंट बोर्डाचं बीए-६ स्टेटमेंट काढा, त्यात नोकरीचे महिने आणि पगार असतो. पण कुठल्या शॉपमध्ये कुठलं काम केलं हे त्यात नसतं, ते माणसाकडूनच घ्यावं लागतं, आणि बरोबर काम केलेल्या मित्रांची नावं पण, कारण साक्षीला तेच लागतात.

ज्यांच्या घरचा माणूस गेलाय त्यांच्याही केसेस ही फर्म घेते. इस्टेटीच्या प्रतिनिधीच्या नावाने करावी लागते, बायको-नवरा आणि मुलांसाठी. मृत्यूच्या क्लेमची मुदत तिथेही तीन वर्षं, पण आजारपणात त्याने जे सोसलं त्या भागाचं घड्याळ तो असतानाच सुरू झालेलं असतं, त्यामुळे दिवसपाणी झाल्यावर बघू असं न म्हणता फोन लगेच करा.